न उघडलेली काडतुसं

१

मर्व्ह हॅनाफोर्डची रायफल फुटली तेव्हा मी त्याच्या अगदी मागे उभी होते. हातात चहाचा मग होता आणि मनातल्या मनात मी त्याला शिव्या घालत होते, कारण झेंडे सरळ सांगत होते की वारा फिरलाय, तरी हा बाबा घाई करत होता. पहिल्या पाच गोळ्या नऊशे मीटरवरच्या लक्ष्याच्या मधोमध बसल्या होत्या. सहाव्या वेळी त्यानं चाप ओढला.

आवाजच वेगळा आला. नेहमीचा आवाज कडक, कोरडा असतो. हा आवाज कुकर फुटावा तसा आला. माळावरचे गुलाबी काकाकुवे एकदम उडाले. मर्व्ह चटईवर उताणा झाला, दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांच्या फटींतून रक्त. वॉरिनी फ्लॅट रायफल क्लबची मी, ग्वेन ट्रेलोर, इतकी वर्षं कॅप्टन आहे. सगळ्यांना हुकूम सोडायची सवय असलेली बाई. पण त्या दिवशी माझे पाय जागचे हलेनात.

पहिला धावला तो क्लेम कुहलमन. शेजारच्या चटईवर तोच होता. त्यानं अंगातला शर्ट काढून मर्व्हच्या डोळ्यावर दाबला.

"रायफलीला हात लावू नका," मर्व्ह पुटपुटत होता. "आहे तशी राहू दे."

धक्का बसण्याचं खरं कारण सांगते. नऊशे मीटरवर दुकानातलं काडतूस चालत नाही, म्हणून आमच्यात प्रत्येक जण आपली काडतुसं आपणच भरतो. पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत तोलून घातलेली दारू आणि वर दाबून बसवलेली गोळी. खसखशीच्या दाण्याएवढी दारू कमीजास्त झाली तरी तिकडे गोळी वीतभर खाली नाहीतर वर लागते. आणि एकाच्या काडतुसाला दुसरा हात लावत नाही. आमची माणसं एक वेळ दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरतील, पण दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालणार नाहीत. या सगळ्यात मर्व्ह म्हणजे परमेश्वर. नवीन मंडळींना आम्ही त्याच्या शेडमध्ये शिकायला पाठवायचो. रायफल फुटायचीच असती तर निम्म्या क्लबची फुटायला हवी होती, मर्व्हची नाही.

रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवरून मर्व्हनं डाव्या डोळ्यानं क्लेमकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या काडतुसांना कोणीतरी हात लावलाय. आणि शेडची किल्ली दोघांकडेच आहे, क्लेम. माझ्याकडे आणि तुझ्याकडे."

क्लेम उघड्या अंगानं तसाच उभा राहिला. रक्तानं भिजलेला शर्ट त्याच्या हातात होता.

२

पोर्ट पिरीहून सार्जंट टकी आली. तिशीची, बारीक चणीची पोरगी. रायफल शूटिंगमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं आणि ते ती लाजेकाजेविना कबूल करत होती. मला ती आवडली.

क्लबच्या पत्र्याच्या खोलीत तिनं मर्व्हचा काडतुसांचा डबा टेबलावर ठेवला. पोलिसांच्या शस्त्र तपासणीसानं उरलेली काडतुसं उघडून पाहिली होती.

"मिसेस ट्रेलोर, वरच्या ओळी वापरून संपल्यात; त्यांत योग्य दारू असणार," ती म्हणाली. "शेवटच्या दोन ओळींत मात्र छऱ्याच्या बंदुकीची. ती भसकन पेटते म्हणे. आदल्या दिवशी हॅनाफोर्डनी याच डब्यातून काडतुसं घेऊन सराव केला, असं ऐकलं. तेव्हा यातलं एखादं लागलं असतं तर?"

"तर आदल्या दिवशीच फुटली असती," मी म्हटलं. स्पर्धेच्या दिवशी मर्व्हनं डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून काडतुसं उचलली असती, तर पहिल्याच गोळीला.

"ही छऱ्याची दारू हॅनाफोर्ड वापरतात?"

मला खोटं बोलता येत नाही. "नाही. क्लेम वापरतो. मातीच्या तबकड्या उडवायला. त्याचा डबा मर्व्हच्याच शेडमध्ये, त्याच फळीवर असतो."

क्लेमला आत बोलावलं. आयुष्यभर कुंपणं घातलेला माणूस. हाताचे पंजे फावड्याएवढे. तो बसला आणि त्यानं टोपी मांडीवर ठेवली.

"तुमचं हॅनाफोर्डशी भांडण होतं?" टकीनं विचारलं.

"रोज," क्लेम म्हणाला. "तो माझ्याशी भांडला नाही त्या दिवशी मी डॉक्टरला बोलावतो."

"कशावरून?"

"वाऱ्यावरून. मेंढ्यांवरून. त्याच्या बायकोची, बेरिलची मटणाची पेस्टी आणि ग्वेनची पेस्टी यात बरी कुठली, त्यावरून."

"बरी कुठली?" मी विचारलं.

"मिसेस ट्रेलोर!" टकी म्हणाली. मग क्लेमकडे वळून, "गेल्या वसंतात राज्याच्या संघात एकच जागा होती. ती हॅनाफोर्डना मिळाली, तुम्हाला नाही."

क्लेमनं मांडीवरची टोपी फिरवली. "मिळाली. वाईट वाटलं. मग मी त्याला बियर पाजली. माझी बायको गेली तेव्हा तिची शवपेटी पुढून त्यानं उचलली होती, सार्जंट. डोळा फोडायचाच असता तर मी हातानं फोडला असता. असं भेकडासारखं नाही."

"त्या शेडमध्ये तुम्ही शेवटचे कधी गेलात?"

"आदल्या आठवड्यात. एकटाच होतो. मर्व्ह झोपला होता."

हे त्यानं आपणहून सांगितलं. शहाण्या माणसानं सांगितलं नसतं. टकीनं त्याच्या रायफली आणि परवाना जप्त केला. ॲडलेडचे वरिष्ठ गुन्हा दाखल करायला बसलेच आहेत, असं ती जाताना मला म्हणाली. दुसऱ्याच्या जिवाशी खेळल्याचा गुन्हा, तुरुंग ठरलेला.

माझ्या बेकरीत क्लेम पाव घ्यायला आला की सगळे बोलायचे थांबत. मुलं त्याच्या गाडीवर माती फेकत. त्याला घरात कोणी नव्हतं. होता तो आमचा क्लब आणि मर्व्ह, आणि दोन्ही एकाच दुपारी गेले. मला या लोकांची चीड येत होती. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी मलाही वाटत होतं, की क्लेमनंच केलं असेल तर?

३

"तुम्ही सगळे आंधळे आहात," ब्रेट पास्को म्हणाला.

ब्रेट आमच्या गावचा ट्रॅक्टर विकणारा. महागडी रायफल, त्याहून महागडा गॉगल, आणि जिभेला हाड नाही. मागच्या स्पर्धेत मर्व्हकडून एका गुणानं हरला होता, म्हणून टकीनं त्यालाही बोलावलं.

"हॅनाफोर्डचं डोकं चालेनासं झालंय," ब्रेट म्हणाला. "हे मी कमिटीला महिन्यापूर्वी सांगितलं, तर ग्वेननं मला बाहेर काढलं."

"तू त्याला 'थेरडा' म्हणालास, म्हणून काढलं."

"म्हणालोच. दोनदा त्यानं शेजारच्याच्या लक्ष्यावर गोळ्या झाडल्या. दोनदा!"

"आणि त्या कुठे लागल्या?" टकीनं विचारलं.

ब्रेटनं तोंड वाकडं केलं. "मधोमध. तेच तर मला समजत नाही. माणूस विसरतो कुठलं लक्ष्य आपलं, पण काडतुसं बघाल तर एकासारखं एक. गेली दोन वर्षं त्याच्याइतकी नेमकी काडतुसं या राज्यात कोणाची नाहीत."

तो गेल्यावर टकीनं गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाली, "चला, मर्व्हना भेटू."

ॲडलेडच्या इस्पितळात मर्व्ह उशीला टेकून बसला होता. उजवा डोळा काढावा लागला होता. त्याची बायको बेरिल शेजारी विणत होती. ती तीन आठवडे व्हायाला गावी, पाय मोडलेल्या बहिणीकडे होती. बातमी कळताच तिथून थेट इस्पितळात आली. चेहरा पांढराफटक.

"टेबलावर एका वेळी एकच डबा," मर्व्ह टकीला सांगत होता. "काम संपलं की दारू परत डब्यात, डबा परत फळीवर. मगच दुसरा. माझ्या शेडमध्ये चाळीस वर्षं हाच नियम. दारू तराजूवर दोनदा तोलायची. माझ्या हातून चूक होणं शक्य नाही, पोरी."

किती स्वच्छ बोलत होता! मला धीर आला. टकी उठली तसा तो माझ्याकडे वळला. "ग्वेन, तुझ्या आईचा दमा कसाय आता?"

माझी आई जाऊन बारा वर्षं झालीत. वेदनेवरच्या औषधांची गुंगी, मला वाटलं. बेरिलच्या सुया क्षणभर थांबल्या आणि परत चालू झाल्या.

गाडीत टकी म्हणाली, "मर्व्हनी पूर्वी भरलेली काडतुसं कुठे मिळतील? अपघाताच्या आधीची?"

"क्लबच्या काचेच्या कपाटात. राज्य स्पर्धेत उरलेली पाच त्यानं आम्हाला दिली होती."

पत्र्याच्या खोलीत मी ती पाच काढली. टकीनं अपघाताच्या डब्यातल्या सुट्या केलेल्या गोळ्या शेजारी मांडल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं. "मला यातलं कळत नाही. तुम्हाला काय दिसतं ते सांगा."

गोळी पुंगळीत दाबून बसवायच्या साच्याची कड गोळीच्या टोकाजवळ टेकते आणि तिथे एक पुसटसं वळं उमटतं. अपघाताच्या गोळ्यांवर एकेक वळं होतं, असायला हवं तसं. मग मी राज्य स्पर्धेचं काडतूस उचललं. भिंग दोनदा पुसलं. पाचही पाहिली.

"दोन," मी म्हणाले. "या प्रत्येकावर दोन वळी आहेत. जवळजवळ, पण वेगवेगळ्या साच्यांची. म्हणजे गोळी एकदा बसवली, उपसली, आणि दुसऱ्या साच्यानं परत बसवली."

"मर्व्ह स्वतः असं करतील?"

"छे! उपसलेली गोळी तो स्पर्धेत वापरणारच नाही."

टकी खाली बसली. "मिसेस ट्रेलोर, आपण उलटं शोधत होतो. उघडलीत ती चांगली काडतुसं. वाईट काडतुसांना कोणी हातच लावलेला नाही."

४

बेरिल कपडे आणायला घरी येणार होती, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी तिथेच गेलो. जाताना गाडीत टकी एकेक गोष्ट जुळवत होती आणि मला वाटत होतं तिनं गप्प बसावं.

"घातपात करणाऱ्यानं भरलेली काडतुसं उघडली असती, तर दुसरं वळं आलं असतं. नाही आलं. दारूच्या डब्यात भेसळ केली असती, तर ती डब्यात सापडली असती. डबा शुद्ध निघाला. वाईट काडतुसं सलग शेवटच्या दोन ओळींत. म्हणजे कोणीतरी भरता भरता उठला, परत येऊन बसला आणि भलताच डबा घेतला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तपासणीसानं त्यातली दारू तोलली. दारू चुकीची होती, पण वजन सगळ्यांत तंतोतंत. मर्व्ह घालतात तितकंच. कोणाला मारायला निघालेला माणूस कशाला दोनदा तोलत बसेल?"

दोनदा तोलणारे ते हात मी ओळखत होते, ते मर्व्हचेच होते.

बेरिलनं आम्हाला चहा दिला. साखर विचारली नाही. तिला सगळ्यांची माहीत असते. टकीनं कप खाली ठेवला आणि हलकेच विचारलं, "तुमचा साचा कुठे आहे, मिसेस हॅनाफोर्ड?"

बेरिल उठली. आम्हाला कपडे धुवायच्या खोलीत घेऊन गेली आणि इस्त्रीच्या टेबलावरची चादर तिनं बाजूला केली. खाली छोटं दाबयंत्र बसवलेलं होतं. जुनं, तेलपाणी केलेलं. शेजारी तराजू.

मी तिला शाळेपासून ओळखते आणि हे मला कधी कळलं नव्हतं.

"लग्न झालं तेव्हा आम्ही दोघं मिळून भरायचो," बेरिल म्हणाली. "हे त्या वेळचं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डब्यात मला एक काडतूस हलकं लागलं. उघडलं तर आत दारूच नव्हती. पुढच्या वेळी दोनांत प्रमाणाबाहेर दारू. तेव्हापासून तो दुपारी झोपला की मी सगळी उघडायची आणि नव्यानं भरायची."

"त्याचाच साचा का नाही वापरलास?" मी विचारलं.

"त्याचा साचा केसभर हलला असता तरी त्याला कळलं असतं, ग्वेन. ते त्याला अजून कळतं." तिनं चादरीची सुरकुती काढली. "बाकीचं जातंय."

"अगं, मग डॉक्टर? आम्हाला कोणाला तरी सांगायचंस!"

"सांगून काय झालं असतं? परवाना गेला असता. शेडला कुलूप. मग तो सकाळी उठून जाणार कुठे?" आता ती रडायला लागली. "बहिणीचा पाय मोडला आणि या वेळची काडतुसं तपासायला मी घरी नव्हते. मी त्याला म्हटलं, या स्पर्धेला जाऊ नकोस. तो म्हणाला, बरं. तो विसरला ग्वेन, की तो बरं म्हणाला होता."

मला तिला मिठी मारायची होती आणि एक थोबाडीतही द्यायची होती. तिनं आमचा सगळ्यात पवित्र नियम दोन वर्षं मोडला, आणि त्या नियमभंगावर तो माणूस जिवंत होता. आणि क्लेम?

"क्लेमला लोक दगड मारतायत," मी म्हणाले. "तुला कळत होतं. तू इतके दिवस विणत बसलीस."

"हो," बेरिल म्हणाली. "मर्व्हसाठी क्लेमला सुळावर चढू देत होते मी. आहे मी तशी."

टकीनं तिच्यापुढे रुमाल धरला. "हे मी लिहून घेऊ शकते. पण ज्यांनी आरोप केलाय त्यांनी तो मागे घेतला, तर क्लेमची फाइल आजच बंद होईल. त्यांना कोण सांगणार?"

५

बेरिलनंच सांगितलं. मर्व्हचा हात हातात घेऊन, न थांबता, न रडता. मी दाराशी उभी होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मर्व्हनं सगळं ऐकलं. त्याचा एकच डोळा तिच्यावर होता.

"राज्य स्पर्धेची?" त्यानं विचारलं.

"मी भरलेली."

"त्याच्या आधीची? रेनमार्कच्या स्पर्धेची?"

"तीही."

"डोळ्याचं मला काही नाही," मर्व्ह हळूच म्हणाला. "पण दोन वर्षं मी स्वतःला शहाणा समजत फिरत होतो आणि तू फिरू दिलंस. लोकांना शिकवत होतो मी, बेरिल!"

"नेम तुझाच होता."

"गप्प बस." त्यानं मान ताठ केली. "सार्जंट, लिहा. काडतुसं मी भरली. चूक माझी. क्लेमचा यात काडीचा संबंध नाही. आणि त्याला बोलवा. मी त्याला सगळ्यांदेखत बोललो. आता त्याच्या तोंडावर परत घेतो."

त्यानं सही केली. अक्षर मोत्यासारखं. टकी कागद घेऊन ॲडलेडच्या वरिष्ठांकडे गेली. मी क्लेमला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

तो येईपर्यंत मर्व्हला झोप लागली होती. क्लेम दारात उभा राहिला. धुतलेला शर्ट, केस ओले करून विंचरलेले. त्याचा चेहरा बघून मला भीती वाटली. रस्ताभर त्यानं बोलायचं ठरवलं होतं, आणि ते त्याला बोलायचा हक्कही होता.

"बेरिल," तो म्हणाला, "तू मला..."

मर्व्ह जागा झाला. "कोण? क्लेम?" त्याचा आवाज ताजातवाना होता. "बरा सापडलास. मला एक सांग, माझ्या काडतुसांना कोणी हात लावला?"

बेरिलनं तोंड उघडलं. तिला ते सगळं पुन्हा सांगायचं होतं, पहिल्यापासून, आणि मी तिच्या डोळ्यांत पाहिलं की तिच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. उद्याही सांगावं लागणार होतं. परवाही. आणि मर्व्हला प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच कळणार होतं.

क्लेमनं तिच्याकडे पाहिलं. मग मर्व्हकडे.

"मी," तो म्हणाला.

"तू?"

"मी लावला. तू फार जिंकायला लागला होतास."

मर्व्ह त्याच्याकडे बघत राहिला. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, पण क्लेमनं माझ्याकडे न बघताच हात वर केला आणि मला थांबवलं.

"नालायका," शेवटी मर्व्ह म्हणाला. "वाटलंच होतं मला. माझ्या हातून अशी चूक होणं शक्यच नव्हतं."

"नव्हतंच."

"जाऊ दे. तुझं नाव मी पोलिसांना सांगणार नाही. इतक्या वर्षांची ओळख आहे आपली."

"उपकार झाले," क्लेम म्हणाला, आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसला.